माडाच्या खोडावरील उजळणी

मुलांचे शिक्षण शाळेच्या पहिल्या घंटेबरोबर सुरू होते व शेवटच्या घंटेबरोबर संपते, अशी पुष्कळ पालकांची समजूत असते. आमच्या नागावातही ती होती. परंतु 2020 सालच्या मार्चात महामारीमुळे शाळांना कुलपे लागली, आणि 3 जूनच्या दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. वाड्यांतील माड-पोफळी आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडले. शहरातील मुले मोबाइलवर धडे गिरवीत होती. आमच्याकडे कित्येक दिवस मोबाइलला प्राण द्यावयासही वीज नव्हती.

शेजारच्या घरी दुसरी इयत्ता संपविलेला एक मुलगा होता. पावसाळा अर्धा सरला तोंच, जोडाक्षर दिसले की तो अडखळू लागला. आई चौथीपर्यंत शिकलेली. “मला कुठलं शिकवता येतंय, बाई? शाळा उघडली की गुरुजी बघतील,” असे ती म्हणे. शाळा केव्हा उघडेल हे तर कोणासच सांगता येत नव्हते. आणि वाचनाची सवय सुटलेले मूल पुढे पुस्तकालाच भिऊ लागते, ही मला खरी चिंता होती. यास्तव दुपारच्या वेळी त्यास व त्याच्या धाकट्या बहिणीस मी पडवीवर बोलावू लागले. आईनेही येऊन बसावे, अशी अट मात्र घातली.

साहित्य म्हणाल तर समुद्रावरून वेचून आणलेले शिंपले. प्रत्येकावर कोळशाने एकेक अक्षर लिहावयाचे, ते टोपलीत घालून हलवावयाचे, आणि मूठभर उचलून त्यांतून शब्द जुळवावयाचे. ज्याचा शब्द लांब त्याचा डाव. बहीण लहान असूनही पुष्कळदा जिंके व त्यावरून भांडणही होई. पण भांडणासाठी का होईना, दोघे अक्षरे नीट तपासून पाहात. गजग्यांचे सागरगोटे खेळता खेळता आजीने त्यांच्याकडून पाचाचा पाढा पाठ करून घेतला, तो त्यांस अभ्यास वाटलाच नाही.

ह्यात माझी कल्पकता काहीच नाही. कै. ताराबाई मोडक ह्यांनी 1945 साली बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले व अनुताई वाघ त्यांच्या साहाय्यास गेल्या, तेव्हा महागड्या माँटेसरी साधनांच्या जागी शंख-शिंपले, खडे, पाने, बिया हीच त्यांनी मुलांच्या हाती दिली. बोर्डीचा समुद्र तो आमचाच समुद्र. बाजारातील रंगीत पेट्या वाईट असतात असे नव्हे. परंतु त्यांच्यावाचून अडते, हे मला मान्य नाही.

वाचनास पुस्तके थोडी होती व ती दोन आठवड्यांत संपली. मग आजीने डब्यात घडी करून ठेवलेला पंचनाम्याचा कागद बाहेर निघाला. आजीस अक्षरओळख नाही. त्या कागदात काय लिहिले आहे, हे तिलाही ऐकावयाचे होते. ‘क्षेत्र’, ‘स्वाक्षरी’, ‘अर्जदार’ असे शब्द त्यात एकामागून एक आले. मुलगा घामाघूम झाला. पण ऐकणारीस खरोखरच गरज आहे हे दिसताच त्याने कागद खाली ठेवला नाही. जेथे तो अडे तेथे आई हळूच पुढचे अक्षर सांगे. कागदावर माड 17 होते. त्यावर विश्वास न ठेवता तो वाडीत जाऊन मोजून आला व म्हणाला, “अठरा!” आजी हसून म्हणाली, “अरे, तो विहिरीपलीकडचा भाऊबंदांचा!”

त्या पडलेल्या खोडांनी आम्हांस भागाकारही शिकविला. माडाची झावळी गळाली की खोडावर तिचा वण राहतो, आणि माडास वर्षाकाठी सुमारे बारा ते चौदा झावळ्या फुटतात. तेव्हा वण मोजून त्यांस बारांनी भागले की वयाचा अदमास लागतो. खोड जमिनीवर दिसू लागण्यापूर्वीची चारपाच वर्षे त्यात मिळवावी लागतात. दोघांनी खडूने खुणा करीत, दोनदा चुकत, एका माडाचे 540 वण मोजले. भागाकार 45 आला. पाच मिळवून 50. आजीने क्षणभर विचार केला आणि सांगितले, की तो माड तिच्या थोरल्या मुलाच्या, म्हणजे ह्या मुलांच्या बापाच्या, जन्माच्या वर्षी लावलेला. मुलगा बापाकडे व माडाकडे आळीपाळीने पाहात राहिला.

पुढे हिंडण्याची मोकळीक झाल्यावर मी त्या दोघांस शेजारच्या आक्षीचा शिलालेख दाखविण्यास नेले. तो इसवी सन 1012 मधला, मराठीच्या सर्वांत जुन्या ज्ञात लेखांपैकी एक मानला जातो. वर कोरलेले चंद्र-सूर्य मुलांनी तत्काळ ओळखले. अक्षरे काही लागेनात. “बाई, तुम्हांला येतात का?” असे मुलाने विचारले. मलाही येत नव्हती, व तसे मी सांगितले. तेव्हा त्याच्या मुखावर जो आनंद झळकला तो काय वर्णावा! घरी येताच त्याने कोळसा मागून घेतला, आणि आपल्या बहिणीस वाचता येणार नाहीत अशी नवी अक्षरे शिंपल्यांवर काढावयास बसला. आईही शेजारी बसून, त्यांतले ‘क’ कोणते, हे त्यास विचारीत होती.