दर कसा सांगावा?

पिंगुळीस मी नळजोडणीचा स्वतंत्र धंदा मांडला, तेव्हा पाना फिरविण्यापेक्षा दर सांगणेच अवघड वाटे. आमच्याकडील पुष्कळ घरे जांभ्या दगडाची. त्या भिंतीत नळी दडवायची, तर छिन्नीने खाच पाडावी लागते. अर्धा दिवस धुळीत जातो आणि गिलावा झाला की कष्टांची खूणही उरत नाही. गिऱ्हाइकाला दिसते ती केवळ चकचकीत तोटी!

आमच्या गावच्या ठाकर कलावंतांच्या कळसूत्री बाहुल्या प्रसिद्ध आहेत. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, ते याच गावचे. बाहुली नाचताना सर्वांना दिसते. ती घडविण्यात गेलेले दिवस कोणास दिसतात?

म्हणून मी आधी जागा पाहून येई. टाकी किती उंच, नळी किती फूट, सांधे किती, हे वहीत टिपून घेई. मालाची किंमत एकीकडे, मजुरी दुसरीकडे. मजुरीत कुडाळच्या बाजाराची खेप, हत्यारांची झीज आणि कामावाचून जाणारे दिवसही धरी. पगारदाराला सुटीचा दिवस भरून मिळतो. आम्हांला तो कोण देणार?

शेजारच्या काकी एकदा म्हणाल्या, "अरे, धा मिनटांचा काम! तेका एवढे पैसे?"

मी वही त्यांच्यापुढे ठेवली. चष्मा लावून त्यांनी एकेक ओळ वाचली. एका ओळीवर बोट थांबले.

"खेपेचो ह्यो आकडो कसलो? तू तर शेजारचोच!"

"तोटी कुडाळहून आणली, काकी."

काकींनी मान हलविली, पैसे मोजून दिले आणि विहिरीवरची नळीही पाहून जायला सांगितले.