दोनशे वर्षांनंतरचं बोस्टन

घरातल्या मुलांना 'फॉलआउट ४' खेळताना पाहिलं असेल, तर एक पडकं शहर तुमच्याही नजरेखालून गेलं असेल. ते अमेरिकेतलं बोस्टन. २०१५ साली आलेल्या या गेमची गोष्ट अशी : २०७७ मध्ये अणुयुद्ध होतं, आणि जमिनीखालच्या तळघरात गोठवून ठेवलेला नायक जागा होतो थेट २२८७ मध्ये. बाहेर सरकार नाही, वीज नाही. शहराच्या खुणा मात्र आहेत.

मी गेम आधी खेळलो आणि बोस्टन नंतर पाहिलं. ऑफिसच्या कामासाठी गेलो असताना एक रविवार मोकळा मिळाला, तो 'फ्रीडम ट्रेल'वर घालवला. फुटपाथवरून जाणारी ही लाल रेघ सुमारे चार किलोमीटरची. वाटेत सोळा ऐतिहासिक ठिकाणं. गेममध्येही ही रेघ आहे. तिच्यावरच्या खुणांमधली अक्षरं जुळवली की 'रेलरोड' हा परवलीचा शब्द मिळतो आणि ओल्ड नॉर्थ चर्चच्या तळघरातलं दार उघडतं.

हे चर्च उगाच निवडलेलं नाही. १८ एप्रिल १७७५ च्या रात्री इथल्याच मनोऱ्यात दोन कंदील लावून ब्रिटिश फौज पाण्याच्या वाटेने निघाल्याचा इशारा दिला गेला होता. 'रेलरोड' हे नावही खऱ्या इतिहासातलं. गुलामीतून पळालेल्यांना लपवून पुढे पोचवणाऱ्या माणसांच्या साखळीला 'अंडरग्राउंड रेलरोड' म्हणत. बोस्टनच्या बीकन हिल भागात लुईस आणि हॅरिएट हेडन या दांपत्याने अशा अनेकांना आसरा दिला. दोघं स्वतःही गुलामीतूनच सुटून आलेले. त्यांचं घर आजही उभं आहे.

गेममध्ये पळून जाणारी असतात ती कृत्रिम माणसं. त्यांना बनवणारी संस्था एमआयटीवर बेतलेल्या कॉलेजच्या खाली, जमिनीत दडलेली. आपण घडवलं म्हणून आपण त्याचे मालक ठरतो का, हा प्रश्न आज प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला कथेतला वाटत नाही. तो खऱ्या बोस्टनच्या गल्लीत उभा करून विचारला, म्हणून जास्त टोचतो.

पण मला सगळ्यात लक्षात राहिलं ते फेनवे पार्क. १९१२ साली सुरू झालेलं हे बेसबॉलचं मैदान. डावीकडची उंच हिरवी भिंत प्रसिद्ध आहे. गेममध्ये या मैदानातच लोकांनी पत्र्याची घरं बांधून वस्ती केली आहे. ती हिरवी भिंत त्यांची तटबंदी आहे, तिला रंगही देतात. आणि तिथला बॅट विकणारा दुकानदार छातीठोकपणे सांगतो, की बेसबॉल म्हणजे एका संघाने दुसऱ्याला बॅटने मरेस्तोवर झोडपण्याचा खेळ! खेळताना हसू येतं. प्रत्यक्ष मैदानाच्या बाहेर उभं राहिल्यावर मला त्याचीच भीती वाटली. भिंत टिकली, बॅट टिकली. खेळ काय होता हे सांगणारं कोणी उरलं नाही.

बडोद्यात मांडवी, न्यायमंदिर, मोतीबाग ही नावं आपल्या मुलांच्या तोंडी आहेत. ती रिक्षावाल्याला सांगायच्या पत्त्यापुरतीच उरायला अणुयुद्ध लागत नाही; दोन पिढ्यांनी गप्प राहिलेलं पुरतं. आपल्या घरातल्या आजोबांना मोतीबागेतले सामने आठवत असतील, तर या रविवारी त्यांना मुलांबरोबर तिथे घेऊन जा. बोलायचं काम ते करतील.