खांबावरचे बेसिन आणि खारा वारा

पेडस्टल बेसिन म्हणजे चिनी मातीच्या खांबावर टेकलेले वॉश बेसिन. खालचे पाइप खांबाआड लपतात, जागाही थोडी लागते. मालवण किनाऱ्यावर त्याचा आणखी एक फायदा: खाऱ्या वाऱ्याने भिंतीवरच्या बेसिनचे लोखंडी ब्रॅकेट गंजतात, चिनी माती गंजत नाही. तरी मागचे स्क्रू जांभ्याच्या चिऱ्यात बसवावेच लागतात. ते स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. खरी कटकट खांबामागे. बेसिनखालचा बॉटल ट्रॅप तुंबला की साफ करायला हात जेमतेम शिरतो. पुळणीवरची वाळू, माशांचे खवले तिथेच साचलेले. उंची साधारण 80 ते 85 सेंटिमीटर ठरलेली, म्हणून पोरांना पाट लागतो. पूर्वी हात मागीलदारी धुतले जात, पाणी केळीच्या आळ्यात जाई. तुंबण्याचा प्रश्नच नव्हता. पाहुण्यांच्या खोलीत हे बेसिन शोभते, स्वयंपाकघराजवळ भिंतीवरचे साधेच बरे.