माळवदाची अक्कल

उन्हाळ्यात नांदेडला पाहुणा आला, की त्याला गोदावरीचा घाट दाखवावा, सचखंड गुरुद्वाऱ्यात दर्शन घडवावे, लंगरमध्ये पोटभर जेवू घालावे. इतके सारे सोपे आहे. पण दुपारी बारा ते पाच त्याला ठेवावे कोठे, हा प्रश्न यजमानाने आधीच सोडवून ठेवलेला बरा. मे महिन्यात आमच्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसपर्यंत सहज चढतो, आणि आमच्या घराला स्लॅब आहे. स्लॅब म्हणजे चुलीवरचा तवा. दिवसभर तापायचे आणि रात्री ती ऊब इमानेइतबारे आमच्या अंगावर सोडायची, हा त्याचा नेम. पंखा लावला तर तो तीच हवा खाली लोटतो.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात विजेचे बिल हातात पडले आणि त्याच संध्याकाळी सौभाग्यवतींनी विषय काढला.

"अहो, आता एसी घ्याच. शेजाऱ्यांनी दोन घेतले."

"आणि बिल?"

"ते तुम्ही बघा. तुम्ही एम. ए. आहात."

मराठीच्या एम. ए.ला विजेच्या बिलातले काय कळणार! सुदैवाने दुसऱ्या दिवशी उत्तरपत्रिका तपासण्यासाठी लातूरला निघायचे होते. प्रश्न तात्पुरता टळला.

लोहा, अहमदपूर, चाकूर अशी गावे मागे टाकीत एस. टी. लातूरला पोचली, तेव्हा टळटळीत दुपार होती. गंजगोलाईच्या गोल बाजारपेठेत फुटणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी एकावरही सावली मिळेना. दुकानादुकानांतून कूलर घरघरत होते. आमच्या कोरड्या हवेत कूलरसारखा स्वस्त उपाय नाही. पाणी वाळताना हवेतली उष्णता घेते, एवढेच त्याचे शास्त्र. पण त्याला पाणी लागते, आणि पाण्याचे मोल लातूरकरांना कोणी शिकवावे? एप्रिल २०१६ मध्ये या शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. पहिल्या खेपेला सुमारे पाच लाख लिटर आले. त्या वर्षी कूलर म्हणजे कोपऱ्यात ठेवलेली पत्र्याची पेटी होती.

तपासणीचे काम आटोपले आणि मामांचा निरोप आला. मामांचे गाव औसा तालुक्यात. म्हटले, एक दिवस आजोळी काढावा.

मामांचा वाडा माळवदाचा. शहरात वाढलेल्या मुलांना हा शब्द ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. दगडमातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, त्यांवर फळ्या-काटक्यांचा थर आणि वर हात-दीड हात पांढरी माती. हे झाले माळवद. मधोमध चौक, भोवती ओसरी, आणि खोलीत उजेड येऊन धूर बाहेर जावा म्हणून छताला एक साणे. जेवण झाल्यावर मी आतल्या खोलीत घोंगडीवर आडवा झालो. जाग आली तेव्हा चार वाजले होते. डोक्यावर पंखा नव्हता, आणि त्याची आठवणही झाली नव्हती!

"मामा, हे घर तर एसीच्या तोंडात मारते!"

मामा हसले. म्हणाले, "बाबा, इथं ऊन भिंतीत शिरतंय, पण वाटंतच त्याला रात होती."

भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकालाही हे इतक्या थोडक्यात सांगता आले नसते. जाड भिंतीतून उष्णता सावकाश झिरपते. ती आत पोचेपर्यंत बाहेर गार वारा सुटलेला असतो, आणि चौकातून, साण्यातून ती निघून जाते. आमचा पाच इंचांचा स्लॅब तिला अडवणार किती वेळ?

मी मनात घरी गेल्यावर द्यायचे व्याख्यान जुळवू लागलो. जुने ते सोने, पूर्वजांचे शहाणपण, वगैरे. तेवढ्यात दिवस मावळला आणि मामींनी वळकटी उचलून अंगणातल्या पत्र्याच्या शेडची वाट धरली. पत्रा अजून धगधगत होता.

"मामी, आत किती गार आहे! इथे का?"

मामी क्षणभर थांबल्या. "दिवसा बसते रे बाबा आत. रातच्याला नाही."

मामा खाली पाहू लागले. मला उमगायला थोडा वेळ लागला, आणि उमगले तेव्हा शरम वाटली. ३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून लोक थकून झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात जमीन हादरली, आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. त्यांतली कितीतरी याच दगडांखाली आणि याच मातीखाली. मामींचे माहेर त्या पट्ट्यातले. त्यांच्या घरातले कोण कोण गेले, ते त्यांनी कधी सांगितले नाही; आम्हीही विचारले नाही. त्या पहाटेपासून मामी एकही रात्र माळवदाखाली निजलेल्या नाहीत.

माझे व्याख्यान तिथेच विरघळले.

रात्री मामा बराच वेळ बोलत होते. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला माळवदावर नवी माती टाकायची, जुनी काढायची नाही. अशी पिढ्यान् पिढ्या ओझ्यावर ओझी चढली. भिंती बाहेरून भक्कम दिसत. पण त्या म्हणजे दोन बाजूंना दोन थर आणि मध्ये दगडगोटे व चिखल. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड क्वचितच. धक्का बसताच थर एकमेकांपासून सुटले. जिथे छताचा भार भिंतींवर नसून लाकडी खणांवर होता, तिथे पुष्कळ ठिकाणी भिंती पडल्या, तरी छत तोलून राहिले आणि माणसे वाचली. मामांनी पुढे इंजिनिअरच्या सल्ल्याने माळवदावरची बरीच माती उतरवली, भिंतींत आरपार दगड घातले, खांब-तुळयांना तिरके टेकू दिले. तरीही मामी आत गेल्या नाहीत. पुण्याचा मुलगा म्हणत होता, वाडा पाडा आणि स्लॅब टाका.

"तू शिकलेला हाईस. तूच सांग," मामा म्हणाले.

काय सांगणार? एका घरात जीव गुदमरतो, दुसऱ्या घरात जीव घाबरतो. बराच वेळ गप्प राहून मी एवढेच म्हणालो, "मामा, माळवदाची अक्कल ठेवू या, ओझे ठेवायला नको."

नांदेडला परतल्यावर हेच वाक्य मला स्वतःच्या घराला लावावे लागले. एसी पुढे ढकलला. आधी गच्ची झाडून घेतली, भेगा बुजवल्या आणि चुना व पांढरे सिमेंट कालवून दोन हात दिले. शेजाऱ्यांना वाटले, मास्तरांचे डोके उन्हाने फिरले. पण पूर्वी दुपारी चारला ज्या गच्चीवर अनवाणी पाऊल ठेववत नव्हते, तिथे आता मी उभा राहू शकत होतो. यात नवल नाही. पांढरा रंग ऊन परतवतो. शेजारच्या तेलंगणाने तर २०२३ मध्ये थंड छतांचे सरकारी धोरणच आखले. मग पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून बांबूचा पडदा सोडला. ऊन काचेतून आत आल्यावर पडदा ओढण्यात अर्थ नाही. ते दाराबाहेरच अडवावे. रात्री समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या, सकाळी नवाच्या आत लावून घ्यायच्या. ही झाली साण्याची अक्कल. याला पैसा पडला नाही.

पैसा पडला तो पंख्यांना. जुना पंखा सुमारे ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी पंखा तिशीत भागवतो. चार पंखे रोज पंधरा तास फिरले, तर महिन्याला सुमारे ८० युनिट वाचतात. आमच्या राज्यात घरगुती विजेचा दर १०० युनिटांपुढे चढतो, म्हणजे वाचतात ते महागातले युनिट. सौभाग्यवतींनी हा हिशेब स्वतः पुन्हा मांडून पाहिला आणि मगच मान हलवली.

पुढल्या वर्षी आईच्या आजारपणामुळे एका खोलीत एसी घ्यावा लागला. प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण खोली आधीच निवलेली असल्याने तो २६ अंशांवर ठेवून भागते. एक अंश वर ठेवला, की सुमारे सहा टक्के वीज वाचते. आता सौरऊर्जेचा विचार चालू आहे. २०२४ च्या 'पीएम सूर्यघर' योजनेत तीन किलोवॅटसाठी ७८ हजारांचे अनुदान ठरले. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो. वर पत्र्यांची सावली गच्चीला मिळते ती वेगळीच. मात्र क्रम चुकवू नये. गळक्या रांजणात पाणी भरण्याआधी रांजण बुजवावा.

आणि मामा? त्यांनी वाडा पाडला नाही. मागच्या परसात दोन खोल्या बांधल्या. पायाला आणि दारांच्या वर काँक्रीटचे पट्टे, हलक्या भिंती, समोरासमोर उंच झरोके, पश्चिमेला जुना लिंब, आणि स्लॅबवर माझ्या आग्रहाने चुना. दुपार माळवदात, रात्र नव्या घरात, असा त्यांचा संसार चालतो. गेल्या श्रावणात मामांचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाले, "काल तुझी मामी आत निजली. कडी लावून." पुढे दोघांनाही बोलवेना.

दिवाळी आली, की आपण चारी भिंतींना रंग देतो. वरचे छत कोणाला दिसत नाही, म्हणून विसरतो. यंदा बादलीत थोडा चुना उरला, तर तो गच्चीवर घेऊन जा.