तू का थो?

आज मी गेमविषयी लिहितो. एखाद्याला ‘ॲडव्हेंचर’ म्हणायचं की ‘रोल-प्लेइंग’, यावर संपादकांशी वाद घालतो. ही नजर मला खामगावच्या एका सायबर कॅफेतल्या भाऊंनी दिली. दिवसा कापसाच्या अडतीवर हिशेब, संध्याकाळी कॅफे आणि गुरुवारी भजनी मंडळात पेटी, असा त्यांचा क्रम.

त्यांच्याकडे ‘मिस्ट’ होता, रँड आणि रॉबिन मिलर या भावांचा १९९३ मधला गेम. निर्जन बेट, कोडी आणि वाचायला इंग्रजी रोजनिश्या. त्या भाऊ मला वऱ्हाडीत सांगायचे. एका यानात ऑर्गनवरचे सूर ऐकून पलीकडच्या पट्ट्या त्याच सुरांवर आणायच्या होत्या. मला काही जमेना. भाऊंनी डोळे मिटले. ‘वर घे... आनखी थोडं... बस.’ पेटीवर तयार झालेल्या कानानं पुढचा रस्ता मोकळा केला.

पुढं ‘डायब्लो’ आला. त्यात सापडलेलं चिलखत माझ्या योद्ध्याला घालता येईना, कारण त्याच्या शक्तीचा आकडा कमी होता. राक्षस मारत गेलो, पातळ्या चढल्या, आकडा भरला, चिलखत अंगावर आलं. तेव्हा भाऊंनी विचारलं, ‘दोन्हीकडं अडलं होतं ना? मंग सुटलं कोनामुळं? तू शहाना झाला म्हनून, का थो ताकदवान झाला म्हनून?’

नंतर मी बरंच वाचलं, पण याहून नेमकी कसोटी मला मिळाली नाही: खेळणारा शहाणा झाला म्हणून सुटलं तर ॲडव्हेंचर, पात्र ताकदवान झालं म्हणून सुटलं तर रोल-प्लेइंग. नावं मात्र दुसरीकडूनच आली. विल क्राउथर या प्रोग्रामरनं केंटकीतली, स्वतः धुंडाळलेली गुहा १९७० च्या दशकात शब्दांच्या गेममध्ये उतरवली. डॉन वुड्स यांनी १९७७ मध्ये तो वाढवला. त्याचं नाव ‘ॲडव्हेंचर’, म्हणून त्या वळणाचे सगळे गेम ॲडव्हेंचर ठरले. रोल-प्लेइंगचं मूळ १९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये, टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या खेळात. त्यातले आकडे आणि पातळ्या १९८१ च्या ‘अल्टिमा’ आणि ‘विझर्ड्री’नं संगणकावर लोकप्रिय केल्या. क्राउथर स्वतःही ‘डंजन्स’ खेळत, म्हणजे दोन्ही घराणी सोयरीच. ही नावं आडनावांसारखी आहेत: पाटील आडनावाच्या प्रत्येकाकडे आज पाटीलकी नसते. साहस रोल-प्लेइंगमध्येही भरपूर असतं आणि ॲडव्हेंचरमध्येही आपण कुणाची तरी भूमिका घेतोच. त्यामुळे नावावरून कूळ कळतं, आत काय आहे ते विचारावंच लागतं.

२०२० मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ आला. असुरांनी पळवलेल्या भावाला, गोलूला, शोधणारी बहीण, शत्रू महाबलासुर. लोणारच्या दैत्यसूदन मंदिरामुळे लवणासुराची कथा लहानपणापासून ऐकलेल्या मला तो परका वाटलाच नाही. त्यात देवांच्या शक्ती शस्त्रांवर वाटता येतात, म्हणून काही मित्र त्याला रोल-प्लेइंगकडे ओढत होते. मी भाऊंचा प्रश्न लावून पाहिला. राजी थोडी बळावते, कोडी सोडवताना मी थोडा शहाणा होतो, पण बहुतेक लढाया निभतात त्या बोटांच्या चपळाईवर. त्याला दिलेलं ‘ॲक्शन-ॲडव्हेंचर’ हे नाव मला पटलं, आणि परीक्षणात कसोटी म्हणून मी खामगावचा तो प्रश्नच छापला.

भाऊंना अंक पाठवला. आपलं नाव कुठं घालू नको, असं त्यांनी फोनवर बजावलं. म्हणून इथंही ते भाऊच.