बर्फ आणि मंजु

पाऊस आम्हा बेळगावकरांना काही नवा नाही. पण आवाज न करता आभाळ कोसळतं म्हणजे काय, ते मी २०१६ च्या जानेवारीत न्यूयॉर्कला लेकीकडे गेले तेव्हा पाहिलं.

लेक जॅक्सन हाइट्सला राहते. ती नर्स आहे. शुक्रवारी, २२ तारखेला रात्रपाळीला गेली. शनिवारी सकाळी उठून पाहते तर रस्त्यावरच्या मोटारी उशांसारख्या दिसत होत्या! दुपारी अडीचला खाजगी गाड्यांना बंदी झाली. मग पुलावरून धावणारी सात नंबरची रेल्वेही थांबली. लेकीचा फोन आला, "आई, बदलीची माणसं पोचलीच नाहीत. मी इथंच थांबते." माझा जीव टांगणीला लागला.

पाच वर्षांच्या नातवाला कसली काळजी! "आजी, चल ना खाली!" जावयांचा कोट आणि लेकीचे बूट घालून उतरले, तर पाय गुडघ्यापर्यंत आत. एवढं मोठं शहर, पण हॉर्न नाही की गडबड नाही. भुसभुशीत बर्फातली हवा आवाज शोषून घेते, असं जावयांनी सांगितलं. लोक रस्त्याच्या मधोमध चालत होते. अनोळखी माणसं हसून हात करत होती. मीही केला.

"आजी, याला आपल्यात काय म्हणतात?" नातवानं विचारलं.

मी म्हटलं, "बर्फ."

जावई धारवाडचे. ते म्हणाले, "मंजु."

मला हसू आलं. आमच्याकडे डिसेंबरात पहाटे धुकं पडतं, त्यालाही कानडीत मंजुच म्हणतात. आणि आपला गोळ्याचा बर्फ म्हणजे मंजुगड्डे! नातवानं दारापुढं दोन ओबडधोबड बाहुले केले. एक बर्फ, एक मंजु.

मध्यरात्रीच्या सुमारास बर्फ थांबला. सेंट्रल पार्कात साडेसत्तावीस इंच भरला. १८६९ पासूनच्या नोंदींत तोवर एका वादळात एवढा कधी पडला नव्हता. मला मात्र लेक कधी येते एवढंच होतं.

रविवारी लख्ख ऊन पडलं. जो तो आपल्या घरापुढचा फुटपाथ फावड्यानं मोकळा करत होता. लेक भुयारी रेल्वेनं आली. डोळे सुजलेले. दाराशी बाहुले पाहून थबकली.

"हे कोण रे?"

"हा बर्फ, ही मंजु. रात्रभर तुझी वाट बघत होते."

मी काही बोलले नाही. आत जाऊन सार-भात गरम करायला ठेवला.