बोंडूंच्या दिवसांतली इंग्रजी

शिमगा सरला की पेडण्याच्या डोंगरउतारांवर बोंडूंचा गोड, आंबूस, किंचित उग्र वास उतरायचा आणि केसांत, कपड्यांत, शाळेच्या दप्तरातसुद्धा मे संपेस्तोवर मुरून राहायचा. बोंडू झाडावरून तोडायचा नाही, आपसूक गळला तोच उचलायचा; बी पिळून वेगळी करायची, बोंडू कातळात कोरलेल्या कुंडीत, म्हणजे कोळंबीत तुडवायचे, मग चोथ्याच्या ढिगावर दगड ठेवला की थेंबथेंब निथळणारा निरो आम्हा पोरांच्या वाट्याला. तुडवलेला रस आंबून भाणात, म्हणजे भट्टीवरच्या मडक्यात जायचा. आधी हुराक, पुन्हा ऊर्ध्वपातन झालं की फेणी. काका ती पेल्यात उंचावरून ओतत, कडेला जमणारे बारीक मणी डोळे बारीक करून निरखत आणि ती किती ‘ग्राव’, म्हणजे किती कडक, ते सांगत.

गोव्याच्या मुक्तीनंतर, भाऊसाहेब बांदोडकरांच्या राजवटीत गावोगाव मराठी शाळा निघाल्या. पाचवीत इंग्रजी आली. ‘टाइट’ म्हणजे घट्ट, असं गुरुजींनी शिकवलं आणि त्याच उन्हाळ्यात मुंबईहून आलेला चुलतभाऊ हुराकात लिंबू पिळता पिळता, डोळे मिटून, ‘‘आज आपण एकदम टाइट,’’ म्हणाला. मी अर्थ विचारला तेव्हा काका उत्तरले, ‘‘म्हणजे बेबदो!’’ इंग्रजांच्या बोलीतही प्यालेल्याला ‘टाइट’च म्हणतात, हे पुढे शब्दकोशात सापडलं. पोर्तुगिजांबरोबर ब्राझीलहून काजू आला, त्यांच्याच भाषेतून ग्राव आणि बेबदो आले. तसाच हा ‘टाइट’ मुंबईमार्गे आलेला.

पण टाइट आणि बेबदो हे दोन्ही शब्द एका जागी बसेनात. टाइट माणूस स्वतःला म्हणवून घ्यायचा, हसत, सोबत्यांच्या खांद्यावर हात टाकून. बेबदो हे दुसऱ्याने ठेवलेलं नाव, आणि ते उच्चारताना बायका आवाज खाली आणत. जत्रेत देवळापुढच्या मांडवात गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ लागलं, पेट्रोमॅक्सच्या भगभगीत उजेडात सिंधूची दशा पाहून डिचोलीची मावशी पदराने डोळे पुसत राहिली, तेव्हा तिच्या दारुड्या नवऱ्याला, सुधाकरला टाइट म्हणण्याची कुणाची जीभ रेटली नसती.

आता आमच्या पेडण्यातल्या मोपाच्या पठारावर विमानं उतरतात. काजूच्या फेणीला २००९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिची देखणी बाटली परगावचे लोक कौतुकाने नेतात, आणि भट्टीवरच्या कष्टांचं नाव जगात झालं याचा मला मनापासून आनंद आहे. नातवंडांच्या तोंडी पिण्यासाठी इंग्रजी शब्दांची रेलचेल आहे. तेही येवोत, भाषा अशीच वाढते. मोसमातल्या हुराकाच्या मौजेला खुशाल टाइट म्हणा. मात्र ज्या पिण्याने घर बसतं, त्याला बेबदेपणच म्हणा. त्या दुःखाला हलकं नाव देऊ नका.